सबवूफरचं सिम्युलेशन: डेटाशीटचे आकडे घातले तर ग्राफ सपाट, मोजलेले घातले तर ४२ हर्ट्झला डोंगर. कशावर विश्वास ठेवू?

मंद्रसप्तक (मूळ प्रश्न)

बारा इंची सबवूफर ड्रायव्हर आणला आहे. पेटी अजून कागदावरच आहे. प्लायवूड कापण्याआधी आकडे पक्के करायचे आहेत आणि तिथेच गाडी अडली आहे.

डेटाशीट असं सांगतं: एफएस (ड्रायव्हरचा स्वतःचा रेझोनन्स) २४ हर्ट्झ, क्यूएमएस (सस्पेन्शनचं डॅम्पिंग) ५.५, क्यूईएस (मोटरचं डॅम्पिंग) ०.४२, क्यूटीएस (दोन्ही मिळून) ०.३९, व्हीएएस (सस्पेन्शनइतकीच लवचिक हवा) ९७ लिटर, आरई (कॉइलचा रोध) ३.४ ओहम, बीएल (चुंबक आणि कॉइलचा जोर) १४, एमएमएस (हलणाऱ्या भागाचं वजन) १६० ग्रॅम, एसडी (कोनचं क्षेत्रफळ) ५०० चौरस सेंटीमीटर. व्हॉइस कॉइल दुहेरी आहे, प्रत्येकी २ ओहमची. हे आकडे विनआयएसडी या सिम्युलेशन प्रोग्रॅममध्ये घालून ८५ लिटरची पोर्टवाली (हवेची नळी असलेली) पेटी २५ हर्ट्झला ट्यून केली, म्हणजे नळी त्या फ्रिक्वेन्सीला घुमेल अशी ठेवली, तर ग्राफ सुरेख येतो. तीस हर्ट्झच्या आसपास जेमतेम १ डीबी वर जातो आणि साडेबावीस हर्ट्झच्या सुमारास ३ डीबी खाली येतो.

मग साउंड कार्ड, एक रेझिस्टर आणि आरईडब्ल्यू हा मोजणीचा प्रोग्रॅम वापरून ड्रायव्हर स्वतः मोजला. कोनवर ४० ग्रॅम वजन चिकटवून दुसरी मोजणीही केली. हाती आलेले आकडे: एफएस २९, क्यूएमएस ६.६, क्यूईएस १.००, क्यूटीएस ०.८७, व्हीएएस ६७ लिटर, आरई १.७, बीएल ७, एमएमएस १५८ ग्रॅम. हे आकडे घातले की त्याच पेटीत ४२ हर्ट्झला साडेपाच-सहा डीबीचा उंचवटा येतो. असा सबवूफर एका सुरात घुमत राहील, कुणालाही नको असेल.

शिवाय डेटाशीटचेच आकडे हॉर्नरिस्प या दुसऱ्या सिम्युलेशन प्रोग्रॅममध्ये घातले तर सगळा ग्राफ ६ डीबी खाली दिसतो. सपाट भागात विनआयएसडीत ९०.७ आणि हॉर्नरिस्पमध्ये ८४.७ डीबी. दोन्हीकडे २.८३ व्होल्टच दिले आहेत.

ड्रायव्हर सदोष आहे, मोजणी बिघडली आहे, की सॉफ्टवेअरमध्ये काही सेटिंग राहिलं आहे?

सनमायका (प्रतिसाद)

६ डीबीचं कोडं सोपं आहे. हॉर्नरिस्पच्या पहिल्याच पडद्यावर अँग नावाचा रकाना आहे, तो बघा. तिथे ४ पाय असेल तर पेटी मोकळ्या हवेत टांगली आहे असं धरलं जातं. २ पाय केलं की ती एका मोठ्या पृष्ठभागावर ठेवली आहे असं धरतात. खालच्या फ्रिक्वेन्सीला या दोहोंत बरोबर ६ डीबीचा फरक पडतो. विनआयएसडी हाफ स्पेस, म्हणजे हे २ पाय, धरूनच आकडा देतो. सबवूफर जमिनीवर ठेवणार असाल तर २ पाय ठेवा.

उंचवट्याचं मात्र मला कळलं नाही. ड्रायव्हर नवा असेल तर काही तास चालवून सैल करा आणि पुन्हा मोजा.

ओहम (प्रतिसाद)

सनमायका यांनी ६ डीबीचं सांगितलं ते अचूक आहे, ते प्रकरण मिटलं. उंचवट्याबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळे आकडे नीट दिले आहेत आणि उत्तर त्या आकड्यांतच आहे.

आधी एक विनंती. ड्रायव्हर परत करू नका आणि पेटीही बदलू नका. दोन्हीची गरज नाही.

एफएस २४ ऐवजी २९ आला की माणूस घाबरतो. व्हीएएस ९७ ऐवजी ६७ आला की आणखी घाबरतो. पण हे दोन आकडे स्वतंत्र नाहीत. दोन्ही सस्पेन्शनच्या लवचिकतेवर, म्हणजे सीएमएसवर, अवलंबून आहेत. नवा ड्रायव्हर ताठ असतो, शिवाय साउंड कार्डच्या इवल्याशा व्होल्टेजवर स्पायडर आणि सराउंड (कोनला आतून आणि कडेने धरणारे लवचिक भाग, म्हणजेच सस्पेन्शन) आणखी ताठ वागतात. सस्पेन्शन ताठ झालं की एफएस वर जातो आणि व्हीएएस खाली येतो, तेही ठरलेल्या प्रमाणात. म्हणून मी या दोघांकडे सुटंसुटं कधीच बघत नाही. एफएसचा वर्ग गुणिले व्हीएएस हा गुणाकार बघतो. सस्पेन्शन कितीही ताठ किंवा सैल झालं तरी तो बदलत नाही, कारण त्यातून सीएमएस गळून जातो आणि फक्त वजन आणि कोनचं क्षेत्रफळ उरतं.

तुमच्या डेटाशीटचा गुणाकार: २४ × २४ × ९७ = ५५,८७२. तुमच्या मोजणीचा: २९ × २९ × ६७ = ५६,३४७. फरक एका टक्क्याच्या आत आहे. तुम्ही वजन चिकटवून केलेली मोजणी उत्तम आहे, हे मी मनापासून सांगतो. या पायरीवर बहुतेकांची गाडी घसरते. एसडी काढताना व्यास सराउंडच्या मधोमधपासून मधोमधपर्यंत घ्यायचा असतो. व्हीएएसमध्ये व्यासाचा चौथा घात येतो, त्यामुळे व्यासात ३ टक्के चूक झाली तर व्हीएएस १२ टक्क्यांनी हलतो. तुमचं तसं काही झालेलं नाही.

आता दुसरी जोडी, एफएस भागिले क्यूईएस. यातूनही सीएमएस गळून जातो आणि उरतात वजन, रोध आणि मोटरची ताकद. डेटाशीटवरून २४ ÷ ०.४२ म्हणजे ५७. तुमच्या मोजणीवरून २९ ÷ १.०० म्हणजे २९. इथे मात्र निम्म्याचा फरक आहे, आणि तो इतका नेमका निम्मा आहे की सस्पेन्शनच्या ताठपणाला दोष देताच येत नाही. ड्रायव्हर महिनाभर चालवून सैल केलात तरी हा आकडा २९ च राहील.

मग निम्मं आणखी काय काय आहे ते बघा. आरई ३.४ चा १.७ झाला आहे, बीएल १४ चं ७. एमएमएस मात्र जिथल्या तिथे, १५८. दोन कॉइलपैकी एकीलाच तारा जोडल्या आणि दुसरी उघडी राहिली तर हुबेहूब असंच दिसतं. एका कॉइलची तार निम्मी, म्हणून रोध निम्मा आणि बीएलही निम्मं. पण क्यूईएसच्या सूत्रात बीएलचा वर्ग खाली आहे. डेटाशीटसाठी २ × ३.१४ × २४ × ०.१६ × ३.४ ÷ १९६ करून बघा, ०.४२ येतो. तुमच्यासाठी २ × ३.१४ × २९ × ०.१५८ × १.७ ÷ ४९ करा, १.०० येतो. दोन्ही संच आपापल्या जागी सुसंगत आहेत. म्हणजे डेटाशीट प्रामाणिक आहे आणि तुमची मोजणीही प्रामाणिक आहे. फक्त ती अर्ध्या मोटरची मोजणी आहे. अर्धी मोटर कोनला आवर घालू शकत नाही, आणि ४२ हर्ट्झचा उंचवटा तोच सांगतो आहे. सॉफ्टवेअरने दिलेल्या आकड्यांचं उत्तर बरोबरच दिलं.

दोन्ही कॉइल सिरीजमध्ये जोडा. पहिलीचा ऋण दुसरीच्या धनाला, आणि मोजणी उरलेल्या दोन टोकांवर. जोडल्यावर आधी मल्टिमीटरने ३.४ च्या आसपास दिसतं का ते बघा. ध्रुव उलटे झाले तर दोन्ही कॉइल एकमेकींविरुद्ध ओढतील आणि इम्पीडन्सच्या (फ्रिक्वेन्सीनुसार बदलणाऱ्या रोधाच्या) ग्राफमध्ये शिखरच दिसणार नाही. पुढे कधी एकाच कॉइलवर मोजायची वेळ आली तर दुसरी शॉर्ट करू नका, शॉर्ट केलेली कॉइल ब्रेक लावते आणि क्यू खोटा खाली येतो.

पॅरलल जोडून मोजलंत तर आरई ०.८५ आणि बीएल ७ येईल, पण क्यूईएस सिरीजमध्ये येतो तेवढाच येईल. मोटरची ताकद म्हणजे बीएलचा वर्ग भागिले आरई, ती दोन्ही जोडण्यांत सारखीच असते. बदलतं ते एवढंच, की त्याच व्होल्टेजला पॅरलल जोडणी ६ डीबी जास्त आवाज देते आणि अॅम्प्लिफायरकडून चौपट पॉवर ओढते. त्यामुळे दोन प्रोग्रॅमची तुलना नेहमी व्होल्टमध्ये करा. वॉटमध्ये केलीत की एक प्रोग्रॅम आरई धरतो, दुसरा नाममात्र ४ ओहम धरतो, आणि नसलेला फरक दिसायला लागतो.

सिरीजमध्ये पुन्हा मोजा. क्यूईएस ०.५० च्या आसपास येईल असा माझा अंदाज आहे.

मंद्रसप्तक

ओहम, तुमचा अंदाज तंतोतंत उतरला. मोजताना एकाच कॉइलला तारा होत्या. सिरीजमध्ये जोडून मोजलं: एफएस २९, आरई ३.४, बीएल १४, क्यूईएस ०.५०, क्यूएमएस ६.६, क्यूटीएस ०.४६, व्हीएएस ६७.

तरी एक शंका राहते. डेटाशीटचा क्यूटीएस ०.३९ आणि माझा ०.४६. हा फरकही लहान नाही. पेटी कोणत्या आकड्यांवर बेतू? की ड्रायव्हर सैल होईपर्यंत थांबू?

ओहम

थांबू नका. दोन्ही संच एकाच पेटीत घालून ग्राफ एकावर एक ठेवा, म्हणजे शंका उरणार नाही. मी तुमच्याच आकड्यांवर गणित केलं, पेटीतून होणारी हवेची गळती न धरता. ३० हर्ट्झला डेटाशीटचा संच १.१ डीबी वर, तुमचा ०.५ वर. ४० हर्ट्झला दोन्ही अर्ध्या डीबीने वर. २२ हर्ट्झला डेटाशीट ३.७ डीबी खाली, तुमचा २.९ खाली. संपूर्ण पट्ट्यात कुठेही १ डीबीचा फरक नाही. खोलीतली खुर्ची हलवली तर याहून जास्त फरक पडतो.

असं होतं कारण पेटीत बसल्यावर कोनला पेटीतल्या हवेचीही स्प्रिंग मिळते, सस्पेन्शनचा वाटा कमी होतो. बंद पेटीचं उदाहरण जास्त स्वच्छ आहे. हाच ड्रायव्हर ५० लिटरच्या बंद पेटीत घाला. डेटाशीटवरून रेझोनन्स ४१ हर्ट्झ आणि क्यूटीसी (पेटीसकट एकूण क्यू) ०.६७ येतो. तुमच्या मोजणीवरून ४४ हर्ट्झ आणि ०.७१. एफएसमधला २० टक्क्यांचा फरक पेटीत शिरल्यावर ८ टक्क्यांवर आला.

थील यांनी १९६१ साली आणि स्मॉल यांनी १९७२-७३ साली मांडलेली ही गणितं छोट्या सिग्नलची आहेत. आवाज वाढवला की सीएमएस बदलतो, कॉइल तापून आरई वाढतो, सगळंच थोडं सरकतं. म्हणून मला एकेका आकड्यापेक्षा या जोड्या महत्त्वाच्या वाटतात. डेटाशीट आणि मोजणी यांत एफएस-वर्ग-व्हीएएस आणि एफएस-भागिले-क्यूईएस जुळले तर ड्रायव्हर तोच आहे आणि ठणठणीत आहे. ते जुळले नाहीत तर खरी चौकशी करायची.

एका मोहापासून मात्र जपा. ग्राफ मनासारखा दिसेना की काही जण गळतीचा क्यूएल ५ कर, २० कर असे खेळ करतात. क्यूएल ७ ते १० च्या दरम्यान ठेवा आणि विसरून जा. दोन प्रोग्रॅममध्ये तो वेगळा असेल तर ट्युनिंगच्या जवळ थोडा फरक दिसेल, तेव्हा तुलनेआधी तो सारखा करा.

सनमायका

हॉर्नरिस्प वापरताय म्हणून आणखी एक. तिथे एमएमएस नाही, एमएमडी घालायचं असतं, म्हणजे कोनला चिकटलेल्या हवेचं वजन वजा करून. ५०० चौरस सेंटीमीटरच्या कोनवर हवेचा भार साधारण १३ ग्रॅम होतो. १६० तसंच टाकलं तर प्रोग्रॅम त्यावर हवेचा भार पुन्हा चढवतो आणि एफएस २४ ऐवजी २३ दिसतो. १४७ टाका.

पोर्ट केवढा ठरवला आहे?

मंद्रसप्तक

१४७ टाकल्यावर दोन्ही प्रोग्रॅमचे ग्राफ जवळपास एकच झाले, आभार. पोर्ट १० सेंटीमीटर व्यासाचा आहे, लांबी ३७ सेंटीमीटर आली. पेटीत छान बसतो. जमिनीवर ठेवून १ मीटरवर १०५ डीबी मिळावेत एवढीच अपेक्षा आहे.

ओहम

हा पोर्ट तेवढ्याला पुरणार नाही. ८५ लिटर आणि २५ हर्ट्झसाठी ३७ सेंटीमीटर लांबी बरोबर आहे, पण ट्युनिंगला जवळजवळ सगळा आवाज पोर्टमधून येतो. हाफ स्पेसमध्ये १ मीटरवर २५ हर्ट्झचे १०५ डीबी काढायचे तर १० सेंटीमीटरच्या नळीत हवेचा वेग शिखरावर सेकंदाला २१ मीटरपर्यंत जातो. ध्वनीच्या वेगाच्या ५ टक्के, म्हणजे १७ मीटर, ही बहुतेक जण पाळतात ती मर्यादा. त्यापुढे फुसफुस ऐकू येते, आणि आणखी पुढे पोर्ट पोर्टसारखा वागतच नाही. प्रोग्रॅममध्ये पोर्टच्या वेगाचा वेगळा ग्राफ असतो. १ वॉटवर तो निरागस दिसतो. तुमच्या आकड्यांवर १०५ डीबीसाठी साधारण १६ व्होल्ट लागतील, ते घालून बघा.

१५ सेंटीमीटरची नळी घेतली तर वेग साडेनऊवर येतो, पण लांबी ८८ सेंटीमीटर होते. ती नळीच पेटीतली १८ लिटर जागा खाते, आणि तिचा स्वतःचा रेझोनन्स १७३ हर्ट्झपर्यंत खाली उतरतो. क्रॉसओव्हर (जिथून वरचा आवाज मुख्य स्पीकरकडे जातो) ८० ला असला तरी तो इतक्या जवळ मला आवडत नाही. मी १२.५ सेंटीमीटर घेईन. लांबी ६० सेंटीमीटर, वेग १४ च्या आत, नळीचा रेझोनन्स २५० हर्ट्झच्या आसपास. दोन्ही टोकांना तोंड गोलाकार पसरट करा. एवढी लांब नळी सरळ बसणार नसेल तर आतून एक वळण द्या आणि लांबी मध्यरेषेवरून मोजा. नळीचं आतलं तोंड समोरच्या भिंतीपासून निदान एका व्यासाइतकं दूर हवं.

८५ लिटर हे निव्वळ माप आहे. त्यात नळीचे ८ लिटर, ड्रायव्हरचा मागचा भाग आणि आतल्या आधारपट्ट्या मिळवा, मग पाट्यांची मापं काढा. मोजणीत काटेकोर असणारी माणसंही प्लायवूडपाशी येऊन हे विसरतात आणि ट्युनिंग वर सरकतं.

बंद पेटी हवी असेल तर तीही चांगली आणि लहान होईल, पण २५ हर्ट्झला ती सुमारे १० डीबी खाली असेल. तुमची १०५ डीबीची अपेक्षा बघता पोर्टच योग्य. फक्त २० हर्ट्झच्या जवळ हाय-पास फिल्टर (त्याखालचा सिग्नल अडवणारा) लावा, कारण ट्युनिंगच्या खाली पेटीतली हवा कोनला धरत नाही आणि कोन सैरावैरा धावतो.

मंद्रसप्तक

१२.५ ची नळी पक्की. प्रोग्रॅममध्ये एंड करेक्शन (टोकांजवळच्या हवेमुळे नळीच्या लांबीत धरायची भर) ०.७३२ दिसतं. दोन्ही टोकं पसरट केली तर हा आकडा बदलायचा का?

ओहम

०.७३२ म्हणजे एक टोक भिंतीत बसलेलं आणि दुसरं मोकळं, त्यासाठीचा आकडा. पसरट तोंडांमुळे परिणामी लांबी थोडी बदलते, पण किती ते आधी गणिताने काढण्यात वेळ घालवू नका. नळी ६३ सेंटीमीटरची कापा आणि चिकटवण्याआधी तात्पुरती बसवून इम्पीडन्स मोजा. तीच जुळणी, दोन्ही कॉइल सिरीजमध्ये. दोन शिखरं दिसतील, एक १७ च्या आणि एक ४३ हर्ट्झच्या जवळ, आणि मधली दरी म्हणजे तुमचं खरं ट्युनिंग. ३ सेंटीमीटर जास्त ठेवल्यामुळे ते अर्ध्या हर्ट्झने खाली, साडेचोवीसच्या आसपास यायला हवं. दरी जिथे येईल त्यावरून नळी हळूहळू कापत या. स्लॉट पोर्ट (भिंतीलगतची चपटी फट) केला असता तर पेटीची भिंत नळी आणखी लांब करते आणि ट्युनिंग अपेक्षेपेक्षा बरंच खाली येतं, तेव्हा तर ही मोजणी टाळताच येत नाही.

दरीच्या तळाचा आकडाही बघा. तो ३.४ च्या थोडासाच वर असेल तर पेटी घट्ट आहे. खूप वर असेल तर कुठेतरी हवा गळते आहे. बहुतेकदा ती ड्रायव्हरच्या गॅस्केटपाशी किंवा टर्मिनलच्या भोकापाशी सापडते. तिथे पट्टी लावून पुन्हा मोजा आणि दोन्ही ग्राफ इथे टाका.